डावा अंगठा

सव्वापाचला कोर्टचं सिमेंट अजून कोमट असतं,
कालच्या चव्वेचाळीस डिग्रीतलं उरलंसुरलं.
मे महिन्यात नागपुरात याहून थंड वेळ नाही.
सात वाजले की खांबाला हात लावायची सोय नाही.

अजनीकडून एखादी मालगाडी लांबलचक ओरडते.
मी सलवार घोट्याशी दुमडून पिना लावते
आणि फ्री थ्रोच्या पुसट रेघेवर उभी राहते.
वय एकोणचाळीस. फॉल-पिको, ब्लाउज, अर्जंट असेल तर वीस रुपये जास्त.
नववीत जिल्ह्याकडून खेळले होते, वर्ध्याला.
तीन बास्केट झाले. आठवतो तो चौथा,
जो गेला नाही.

आताही बॉल उजवीकडेच जातो.
गुडघे वाकवले, कोपर आत घेतलं,
मनगट मोडून बोटं डब्यात बुडवल्यासारखी सोडली,
तरी उजवीकडे.
रिंगचा तेवढाच एक तुकडा
माझ्या बॉलने घासून घासून चकचकीत झालाय.

शलाका नंदेश्वर मागे उभी राहून पाहायची.
चौदा वर्षांची, शाळेच्या टीममध्ये.
माझी कोच वगैरे नाही. तिची आई माझी गिऱ्हाईक,
दिवाळीच्या ड्रेसचे दोनशे अजून बाकी.
एक दिवस न राहवून म्हणाली,
"काकू, तुमचा डावा आंगठा मधात बोलून राहिला."
काय बोलून राहिला?
"डाव्यानं बॉल फक्त सांभाळायचा न. शॉट उजव्याचा.
शेवटी डावा बाजूला व्हायला पायजे.
तुमचा तर जातच नाही. ढकलून राहिला."

घरी मशीनवर बसले आणि पाहिलं.
उजवा हात चाकाला एकदा गती देऊन मोकळा.
सुईच्या तोंडाशी कापड नेतो तो डावाच,
अंगठ्याने, सूतसूतभर,
एकवीस वर्षं.
त्याने हात काढला असता
तर गल्लीतल्या अर्ध्या बायका वाकड्या शिवणीत फिरल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी तिने पाच रुपयांचं नाणं काढलं.
डाव्या अंगठ्यात नि बोटात धरायचं, धरूनच शॉट मारायचा.
"पडलं का समजायचं, बोलला."
पहिल्याच उडीला नाणं कुंपणाखालून नालीत.
मग मी घरून बटणं नेली,
शर्टाची, पांढरी, चार भोकांची, डझनभर.

उडी मारतानाही घाई नको, म्हणते.
वर चढणं संपतं आणि पडणं सुरू झालेलं नसतं,
त्या मधल्या जागेत सोडायचा.
तिला ती जागा ऐसपैस मिळते, खाट टाकावी एवढी.
मला काजाएवढी.
तेवढ्यातून बॉल काढायचा, आणि अंगठा चूप.

बटण पडतं. पुन्हा पडतं.
सिमेंटवर त्याचा आवाज इतका बारीक
की बॉलच्या धपधपीतही मला तोच ऐकू येतो.
रस्त्यापलीकडे पोहेवाल्याने तर्रीला फोडणी दिली,
दोघींना ठसका लागला, थांबलो, पाणी प्यायलो.
बोर्डावरचा कावळा काही हलला नाही.
माझ्या शॉटची त्याला भीती नाही.

आज तिसाव्या वेळी
डाव्या बोटात काहीतरी टोचत राहिलं
आणि बॉल नसल्यासारखा हातातून गेला.
सरळ गेला. रिंगच्या पुढच्या ओठावर आपटला
आणि टप्पे घेत माझ्याकडेच परत आला.

"सीधा गेला!" शलाका ओरडली. "आखूड आहे काकू, पण सीधा!"

आखूड मला समजतं.
आत दोन बोटं माया ठेवलेली असली
की आखूड उसवून वाढवता येतं.
वाकडं कापलेलं मात्र कोणी नेत नाही.

"आता पायातून आणा," ती म्हणाली आणि सायकलवर टांग टाकून गेली.
दोनशेचं मी काही बोलले नाही. वहीत आहेत.

खांब तापायला लागला होता.
खाली बसून बटणं वेचली, मोजली.
अकरा.
कुंपणापर्यंत जाऊन पाहिलं, नालीत वाकून पाहिलं.
बारावं
अजून डाव्या हातातच होतं.