हेल्मेट

चौथ्या किमोनंतर हेल्मेट सैल झालं.
केस एवढी जागा अडवत होते तर.

हुमेरा म्हणाली, थांब.
उन्हात तोंड बांधायचा तिचा स्कार्फ
चार घड्या करून आत कोंबला.
"पुण्यात हौसेनं हेल्मेट घालणारी तू पहिलीच."

नळस्टॉपला नव्वद सेकंद.
डब्यात आईची पेज,
तिला हल्ली नाण्याची चव येते, हे आईला सांगितलेलं नाही.
बाबा मागून स्कूटरवर, अंतर राखून,
आम्हाला दिसत नाहीत अशा समजुतीत.

उलटी आली तर खांदा दोनदा दाबायचा, ठरलंय आमचं.
म्हात्रे पुलावर मी एकदाच दाबला.

काही नाही गं.
वारा आत शिरतोय,
थेट डोक्याला लागतोय.
हळू घे जरा.