कुह्मोच्या दुकानात

आउने एकेक हातात धरून तोलते.
साधं ड्रिल ओळखीचं, लांब नाकाचं;
मानेवरचं आकड्यांचं कडं फिरवून ठेवलं
की भरल्या पोटी थांबावं तसं थांबतं.
दुसरं आखूड, इम्पॅक्ट ड्रायव्हर.
पोरगा म्हणतो, लांब स्क्रूला हेच,
आतल्या आत हातोडी मारतं,
मनगटाला हिसका नाही.

मनगट.
गेल्या उन्हाळ्यात तळ्याच्या धक्क्यावर
ड्रिल अडकलं नि हातच फिरला.
वेइक्को आधी हसला,
मग बर्फ घेऊन आला.

तळं मोकळं व्हायला तीन आठवडे.
सोळा फळ्या, चौसष्ट स्क्रू,
यंदा एकटीनं.

"आवाज करतं का रे हे?"
"फार. कानांत बोळे घाला."
"नको," ती पाकीट काढते,
"करू दे."