बोल्टवरचा एफ

अब्बांना इंग्रजीतलं एकच अक्षर येत होतं.
एफ.
लष्करी लिलावातल्या जीपचा बोल्ट सोडवताना
ग्रीस पुसलं, तर नखाएवढ्या डोक्यावर ते उमटलेलं.
मग पुढच्या बोल्टावर. मग कडीवर, मग आरशाच्या दांडीवर.
विलिसची जीप हुबेहूब तशीच,
पण तिचे बोल्ट मुके.
"फोर्डवाल्यानं एकेका बोल्टाचं नाव ठेवलंय,"
अब्बा सांगत, जणू सगळ्या बारशांना जाऊन आलेत.

विजापूर वेशीबाहेर आमचं गॅरेज: चार पत्रे, एक लिंब,
आणि एक खड्डा, ज्यात मी दुपारची निजत असे.
गुरुसिद्धप्पा उस्तादांनी तिथंच अब्बांना हात दिला.
उस्तादांचे हात टी मॉडेलवर घडलेले.
काळी, उंच, तीन पायडलांची,
आणि ॲक्सिलरेटर पायाशी नाही, स्टिअरिंगपाशी.
टाकी सीटखाली. चढाला नाक वर झालं
की पेट्रोल इंजिनापर्यंत पोचेना.
म्हणून उस्ताद नळदुर्गचा घाट उलटा चढायचे,
मान मागं वळवून,
मागच्या सीटवर वकीलसाहेब दोन्ही हातांनी पागोटं धरून,
आणि निजामाच्या नाक्यावरचा शिपाई गोंधळलेला:
ही गाडी येतीय का जातीय?

मग आठ सिलिंडरची आली.
चार ह्या अंगाला, चार त्या अंगाला,
आवाज असा की गिऱ्हाईक भाव करायचं विसरायचं.
पण मे महिन्यातलं सोलापूर तिला मानवलं नाही.
सात रस्त्यावर उभ्या उभ्या पेट्रोलची वाफ व्हायची.
अब्बा मिलचा टॉवेल भिजवून पंपाला गुंडाळायचे,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
हिशेबाच्या वहीत, पार्टच्या रकान्यात:
टॉवेल, नग तीन.

टॉवेल आणायचा नरसय्या यंगल, मिलमधला जॉबर.
पाळी सुटल्यावर खड्ड्याच्या काठावर बसून विचारायचा,
दीड तासात एक गाडी? कशी?
अब्बा सांगायचे: पट्टा असतो. गाडी पुढं सरकत जाते,
माणूस जागेवर उभा. एक माणूस, एक बोल्ट. दिवसभर तोच.
नरसय्या बिडी विझवून बराच वेळ गप्प.
"तिकडं गाडी चालती, माणूस उभा.
आमच्यात माग उभा, माणूस पळतो."
मग धोतर वर करून घोटे दाखवले.
"सूज दोन्हीकडं येत असंल."

आठवीत माझ्या प्रगतिपुस्तकात
इंग्रजीपुढं लाल शाईत तेच अक्षर आलं.
मी खड्ड्यात लपले. अब्बा वाकले,
पुस्तक उजेडाकडं धरलं, अंगठ्यानं पुसून बघितलं.
"अरे, ये तो फोर्डका है!"
आणि लिंबाखालच्या सगळ्यांना दाखवत फिरले.
अम्मीनं रात्री खरा अर्थ सांगितला.
ते जेवत राहिले. म्हणाले,
"तरी अक्षर चांगलं काढलंय."

आता मी स्पेअर पार्ट विकते.
साणंदला कारखाना थांबला त्या वर्षी
होटगी रोडच्या शोरूमवरचा निळा लंबगोल
दोन पोरांनी शिडी लावून उतरवला,
टमटममध्ये उभा बसेना, म्हणून आडवा घातला.
परवा एक फिगोवाला आला, बुश मागायला.
म्हटलं, मिळेल, पण थांबावं लागेल.
थांबला. काउंटरवरच्या डालडाच्या डब्यात बोटं घातली.
"हे बसतील का कशाला?"
"नाही. ह्या गाड्याच गेल्या."
भंगारवाला किलोवर मागतो. मी भाव विचारते,
आणि देत नाही.

एक मात्र बसवलाय, दुकानाच्या कडीला.
आटे अजून हाताला लागतात.
शटर ओढून कुलूप घालताना
अंगठा बरोबर त्या अक्षरावर पडतो.
कधी कधी
उघडतानाही.