डावं चाक

ग्वायाकिल, एप्रिल, रात्रपाळी.
खाटा संपल्यावर माणसं
खुर्च्यांवर बसून श्वास ओढत होती.

एलिसेओकडे एकच स्ट्रेचर उरलं होतं,
पुढचं डावं चाक कुरकुरणारं.
ते फक्त मागच्या दाराकडे जायचं.
कुरकुर आली की सगळे डोळे मिटून घ्यायचे.
पाचव्या खुर्चीवरची फिलोमेना तर
पायही वर घ्यायची,
कुणी फरशी पुसायला आल्यासारखी.

तिसऱ्या रात्री तो स्वयंपाकघरातून
केळी तळून उरलेलं तेल वाटीत घेऊन आला,
चाकापाशी गुडघ्यांवर बसला.
चष्म्यावर वाफ, एक हातमोजा फाटका.
मी नाव लिहायची चिकटपट्टी
दातांनी तोडायला गेले,
तोंडावर मास्क आहे हे विसरून.
तो हसला असावा. खांदे हलले.

पहाटे फिलोमेनानं डोळे न उघडता विचारलं,
"आज कुणी गेलं नाही ना गं, पोरी?"

चार गेले होते.

"कुणीच नाही."

तिनं पाय सैल सोडले.

सहाला बाहेर येऊन मास्क उतरवला.
बोटांना, बाहीला, सगळ्या कॉरिडॉरला
तळलेल्या केळ्यांचा वास.
आणि मला भूक लागली,
लाज वाटावी इतकी.