चार नंबरची पट्टी

कार्यक्रम चारला. मी दोनलाच हॉलमध्ये,
तळ्याकडची सगळी तावदानं लावत.
किसुमूचा वारा आत शिरला की तोच पहिला वक्ता होतो
आणि त्याला वेळेचं भान नसतं.

विषय : तळ्यातले मासे गेले कुठे.
बोलणारे चार, सूत्रधार एक.
माझ्या पेटीत माइक सात, त्यातल्या दोघांचा भरवसा नाही.
मदतीला अपोंडी. तिचं म्हणणं,
सगळ्यांना सारखेच द्या, म्हणजे रुसवेफुगवे नकोत.
अगं, पण गळे कुठे सारखे आहेत?

प्राध्यापक ओगुटू मान वळवून वळवून बोलतात.
त्यांच्यापुढे टेबलावरचा माइक ठेवला
तर अर्धं वाक्य खिडकीला ऐकू जाईल.
त्यांना कानावरून गालाशी येणारा.
"लगाम घातल्यासारखं वाटतंय."
"वाटू दे सर, सवय होते."

बर्फ कारखान्याचे ओडुया मुद्द्यागणिक टेबल बडवतात.
त्यांना हातात धरायचा, चांगला वजनदार.
एक हात गुंतला की बडवणं निम्म्यावर येतं.
(हे कुठल्या पुस्तकात नाही.
एका लग्नात शिकलो.)

मत्स्य खात्याच्या ओलुओच साहेबांना कोट, टाय,
म्हणून कॉलरचा : मोहरीएवढा, चहूबाजूंनी ऐकणारा.
दिसत नाही, म्हणून साहेबांना आवडला.

राहिल्या मामा न्यांग्वेसो.
चाळीस वर्षं किनाऱ्यावर ओमेना वाळवतायत.
गळ्यात मण्यांच्या पाच माळा,
कॉलरचा लावला तर शब्दाआधी मणीच बोलणार.
हातात द्यावा, तर त्यांचे हात आधीच बोलत असतात.
शेवटी टेबलावरचा, लांब मानेचा,
फक्त समोरचं ऐकणारा, वाकवून त्यांच्या ओठांकडे.
"हा टक लावून बघतोय माझ्याकडे," त्या म्हणाल्या,
आणि खुर्ची वीतभर मागे घेतली.

चाचणीला सगळे एक-दोन-तीन म्हणतात.
मामा म्हणाल्या,
"डबा दोनशे. ओला असेल तर दीडशे.
तुला म्हणून एकशे ऐंशी."
मी पट्टी वर नेली, अजून वर,
कोपऱ्यातला कर्णा कुईं करू लागला तिथे थांबलो.

सगळे माइक एकदम उघडे ठेवता येत नाहीत.
हॉल स्वतःचाच आवाज गिळतो आणि किंचाळतो.
म्हणून बोलेल त्याची पट्टी वर, इतरांची खाली.
हे ठरवतात माझी दोन बोटं.
कुणी मतदान घेऊन नेमलेली नाहीत.

चार चाळीसला साहेब आकडे वाचत होते.
एक नंबर खाली, दोन खाली, चार खाली.
मामा त्यांच्याकडे कलल्या,
आपल्या माइककडे पाठ करून, हळूच,
शेजारणीला सांगावं तसं :
"तुझा बाप माझ्याकडून उधारीवर न्यायचा.
दोनदा मोजायचा. एकदा माझ्यासमोर,
एकदा दारात, तुझ्या आईसमोर.
तू एकदा तरी मोजलेस का रे?"

चार नंबर बंदच होता.
ती मोहरी ऐकत होती, साहेबांच्या टायवरची.
मागच्या रांगेपर्यंत गेलं सगळं,
श्वासासकट, मण्यांच्या किणकिणीसकट.

माझं बोट तीन नंबरवर होतं.
खाली ओढायला अर्धा सेकंद पुरतो.
मी घाम पुसला. त्याच बोटानं.

साहेबांनी कागद पालथा घातला.
"नाही मोजले," ते म्हणाले. "खातं मोजतं."
मग बराच वेळ ते कागदाशिवाय बोलले,
अडखळत, लुओमध्ये.
ओडुयांनी टेबल बडवलं नाही.

नंतर टायवरून चिमटा काढून देताना म्हणाले,
"तेव्हा माझा बंद करायला हवा होतास."
"हो सर."
डब्बी परत केली. बॅटरी अजून अर्धी शिल्लक.

वायर कोपर-अंगठ्याभोवती गुंडाळता गुंडाळता अपोंडीनं विचारलं,
"पुढच्या वेळी मामांना कुठला द्यायचा?"
टेबलावरच्या माइकच्या फोमला
सुक्या मासळीचा वास येत होता. जवळ न जाताही.
"आधी विचारून ठेव," म्हटलं,
"त्यांच्या शेजारी कोण बसणार आहे."