दुभाषी

होदान बोलायची, मी मराठीत सांगायचे.
वडवणीचं समाजमंदिर, सतरंजी, पंखा बंद.
सोमालियातलं तिचं गाव. सात वर्षांची होती.
पाय आजीनंच धरलेले.
'ब्लेड' मी तसंच ठेवलं.
पुढचा शब्द मराठीत सापडेना;
बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं.

"कापलं व्हय?" मागून केवळाबाई.
"माझी पिशवी काढली, पंचविसाव्या वर्षी.
मुकादम म्हनला, पाळी गेली की खाडा न्हाई."

मोठी झाल्यावर होदान
अकरा सुइणींच्या दारी गेली, पाती मागून आणली.
शेवटची सुईण तिची आत्या.

कुणी बोललं नाही.
टोळ्या उसाला निघायला आठच दिवस.

केवळाबाई पदर खोचत पुढं आली :
"पोरी, इचार हिला,
आत्याच्या दारात
पहिला शब्द काय काढला?"