न घासलेली पाठ

गुन्सानच्या बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत
उंच धुराड्याखाली आमचं न्हाणघर.
चौतीस वर्षं मी इथे पाठी घासतो.
हिरवा खरखरीत मोजा हातावर चढवला
की माणूस मला तोंडावरून नाही, पाठीवरून कळतो:
हा जाळी ओढणारा, हा शिंपी,
हा बायकोशी बोलत नाही.

त्या रविवारी वेल्डर मा गी-चोल
पोराला घेऊन आला, दोन वर्षांनी.
यू-गोन. सतरावं चालू. शाळेच्या कुस्ती संघात.
म्हणजे, होता.
आमच्याकडे पैलवान उघड्या अंगाने वाळूत उतरतो,
कमरेला कापडी पट्टा,
आणि समोरच्याची हनुवटी थेट तुमच्या खांद्यावर.
गुडघा दुखतो म्हणून याने संघ सोडला.
गुडघ्याला काही झालं नव्हतं.

टीशर्ट त्याने अगदी शेवटी काढला.
बाकावर पालथा पडला.
"जोर लावून घास, मान-सोक," बाप म्हणाला,
"मळ साचलाय. अंघोळीचा कंटाळा, दुसरं काय."

मानेपासून कमरेच्या वरपर्यंत पुटकुळ्या.
काही पिकलेल्या, काही खोल, गाठीसारख्या,
दप्तराचे पट्टे घासतात तिथे सगळ्यात दाट.
मधेमधे जुन्यांचे जांभळट डाग.
पोराने श्वास रोखून धरला होता,
बरगड्या हलत नव्हत्या.

मोजा मी बादलीत टाकला.

धाकट्या भावाची पाठ अशीच होती.
मीठ घेऊन चोळ, आई म्हणाली,
आणि मी थोरला, मी चोळलं.
रोज रात्री, रक्त येईपर्यंत, महिनाभर.
तो उल्सानला जहाजं बांधतो आता.
अजून समुद्रावर बनियन काढत नाही.

"हा मळ नाही," मी म्हणालो.
"मळ कसा असतो ते मला विचार,
मळावर मी घर बांधलंय.
या वयात कातडीखालचं तेल उसळतं,
छिद्राच्या तोंडाशी मेलेली कातडी बूच होऊन बसते,
आणि आत जंतूंची पंगत.
घासलं तर खाजवून खरूज."

"मग तिखट बंद करू? नूडल्स?"

"ते डॉक्टरणीला विचार.
पोस्टासमोर, दुसरा मजला.
मला घासायचं कळतं,
आणि कधी घासू नये तेवढं."

पैसे त्याने तरी ठेवले. मी परत केले.
त्याने पुन्हा ठेवले. असं बरंच चाललं.

तीन आठवड्यांनी दोघं आले, एक पिशवी घेऊन.
औषधी साबण: लावायचा, तीन मिनिटं थांबायचं, मग धुवायचा.
केस आधी, पाठ शेवटी,
कंडिशनरचा ओघळ पाठीवर राहू नये म्हणून.
घामेजलेला शर्ट लगेच बदलायचा.
फोडायच्या नाहीत, एकसुद्धा नाही.
खोल गाठींसाठी गोळ्या, आणि तीन महिने धीर.
"तिने धीरसुद्धा लिहून दिलाय," बाप म्हणाला,
चिठ्ठी उलटसुलट करत.

रात्रीचं मलम मात्र अडलं होतं.
"हात इथवरच येतो," यू-गोनने दाखवलं.
मधे वीतभर जागा उरते, कुणाचाच हात न पोचणारी.

तर आता बाप लावतो.
ठिणग्यांनी डागलेली बोटं,
चष्मा कपाळावर.
आधी भसाभस घेतो, मग अर्धं पुसून टाकतो.
पोरगं म्हणतं, बाबा, थंड आहे.
बाप म्हणतो, हलू नकोस.
आधी एवढंही बोलत नव्हते.

कमी झालंय का? थोडं.
परवाच दोन नव्या आल्या, खांद्याच्या टोकाला.
वाळूत तो अजून उतरलेला नाही.
न्हाणघराच्या निळ्या टॉवेलवर
त्या साबणाने पांढरे ठिपके पाडलेत,
बायको म्हणते फेकून दे,
मी दाराजवळच्या खिळ्याला टांगलाय.

काल उल्सानला फोन लावला.
थंडीचं विचारलं, जहाजाचं विचारलं,
वहिनीच्या दाताचं.
पाठीचं विचारायचं राहिलं.